गंगीच्या तोंडात घातलेला हात

आमच्या घरात रेबीजची लस सगळ्यात आधी टोचून घेतली ती मेंबरनं. मेंबर म्हणजे आमचा कुत्रा. निवडणुकीच्या तोंडावर माणसं जशी प्रत्येक दारात हसत उभी राहतात तसा तो गल्लीतल्या प्रत्येक दारात उभा राहायचा, म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला हे नाव दिलं होतं. कॉलेजच्या शिबिरात एकदा जनावरांच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस द्यायचीच, चावल्यावर जखम आधी साबणानं वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवायची, हळद, तिखट, चुना असलं काही लावायचं नाही आणि तडक दवाखाना गाठायचा, असं त्यांनी सांगितलं. मी ते मनावर घेतलं. त्या वयात मला शिकवलेलं सगळंच मनावर घ्यायची सवय होती. पुढच्या रविवारी मेंबरच्या गळ्यात दोरी बांधून त्याला घेऊन निघाले. बसमध्ये कुत्रं घेत नाहीत हे बस आल्यावर कळलं. रिक्षावाला म्हणाला, कुत्र्याला घेतो पण ते मांडीवर बसवायचं. मेंबर मांडीवर बसणाऱ्यातला नव्हता. मग बावड्यापासून राजारामपुरीतल्या मॅडमच्या दवाखान्यापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो आणि सुई टोचून चालत परत आलो. आप्पा दारात बसले होते. त्यांनी मेंबरकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काय मेंबर, शिकल्याली पोरगी घरात असली म्हंजे असं हुतंय बघ."

शिकलेली म्हणजे मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं, त्यामुळं माझं शिक्षण कुठल्या विषयाचं आहे याची कुणाला फिकीर नव्हती. ते सगळ्या विषयांना लागू होतं. शेजारच्या काकू औषधाची बाटली आणून माझ्यासमोर धरायच्या आणि विचारायच्या, ही जेवनाआधी का जेवनानंतर? मी म्हणायचे, काकू, मी कॉमर्सला आहे. त्या म्हणायच्या, व्हय गं, पर कॉलेजला हाईस न्हवं? कॉलेजात मात्र मी कुणाला फार बोलत नसे. मागच्या बाकावर बसायचे, हात वर करायच्या आधी वाक्य मनात दोनदा जुळवायचे, आणि तोपर्यंत सर पुढं गेलेले असायचे. अजूनही मीटिंगमध्ये माझं तसंच होतं. ऑफिसातल्या मुली हसतात.

आमचं घर कसबा बावड्याच्या कडेला होतं, जिथं एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला नवीन बंगले अशी ओढाताण चाललेली असायची. हंगामात साखर कारखान्याच्या भोंग्यावर आमचा दिवस चालायचा आणि मळीचा वास वाळत घातलेल्या कपड्यांनाही लागायचा. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला कळायचंच नाही, कशाला. घरात आप्पा, आई, मी, मेंबर, म्हैस गंगी आणि तिचं रेडकू एवढी खाणारी तोंडं. सकाळी चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज, बाहेर आप्पांनी गंगीच्या पाठीवर मारलेल्या पाण्याच्या बादलीचा आवाज, आणि मधेच गंगीचं एक लांब, समाधानी फुसकारणं, यांवर मला जाग यायची. न्याहारीला खर्डा, भाकरी आणि वाटीभर दूध. तिखट आणि दूध एकत्र खाऊ नये असं मला पुढं लग्न झाल्यावर सासरी सांगितलं गेलं. आम्ही रोज खात होतो आणि कुणाला काही झालं नाही.

आप्पांचा धंदा कट्ट्यावरचा. कोल्हापुरात दूध विकायची एक रीत आहे, ती बाहेरच्या माणसाला सांगताना मी अजून अडखळते. म्हैसच गिऱ्हाइकापुढं नेऊन उभी करायची. शाहूपुरीच्या अंगाला एक लहानसा कट्टा होता. सकाळ-संध्याकाळ आप्पा गंगीला चालवत तिकडं न्यायचे, रिकामी चरवी उलटी करून सगळ्यांना दाखवायचे, आत पाण्याचा थेंब नाही, आणि मग खाली बसून धार काढायचे. ज्याला घरी न्यायचं तो किटली पुढं करायचा. ज्याला तिथंच प्यायचं तो गलास पुढं करायचा, आणि धार सरळ गलासात पडायची. कोमट, फेसाळ, न तापवलेलं दूध. पिणाऱ्याच्या मिशीला फेस लागायचा आणि तो पुसायची घाई कुणी करत नसे. कट्ट्याजवळ एक तालीम होती. तिथले पैलवान जोर-बैठका मारून अंगाला माती लागलेल्या अवस्थेत येऊन उभे राहायचे, आणि सगळ्यांच्या पुढं त्यांचे वस्ताद. वस्ताद म्हणजे तालमीचे गुरू. सत्तरीचे, कान मोडलेले, आवाज असा की कुजबुजले तरी रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघायचा. आप्पा तरुणपणी त्यांच्याच हाताखाली मातीत खेळले होते. त्यांच्यासमोर आप्पा अजूनही उकिडवेच बसायचे, आणि धार काढायलाही तसंच बसावं लागतं म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नसे. आप्पांच्या दुधात पाणी नाही, हे त्या कट्ट्यावर सूर्य उगवतो तसं धरलेलं होतं. आप्पांकडं दुसरं काही नव्हतंच. जमीन नाही, नोकरी नाही. ते एक वाक्य होतं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. एके दिवशी संध्याकाळी कट्ट्यावरून आल्यावर आप्पा म्हणाले, गंगीनं आज हात आखडला, दूध कमी दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं वाढ्याला तोंड लावलं नाही, म्हणून तिला कट्ट्यावर नेलं नाही. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. हंगामात आमच्याकडची म्हैस दुसरं काही खात नाही आणि ते सोडतही नाही. गंगी मान पुढं ताणून उभी होती, तोंडातनं लाळेच्या तारा लोंबत होत्या, आणि काहीतरी गिळायचं आहे पण गिळता येत नाही असा घसा हलवत होती. बावड्यातल्या कुठल्याही माणसानं हे बघितलं असतं तर एकच सांगितलं असतं, उसाचं कांडं अडकलंय. आप्पांनीही तेच सांगितलं. आईनं वेसण धरली, आप्पांनी बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत गंगीच्या तोंडात घातला. हंगामात उसाच्या पात्यानं सगळ्यांचेच हात चिरलेले असतात, आप्पांचेही होते. त्यांनी आत चाचपलं, हात काढला, परत घातला. गंगीची दाढ बोटांवर घासली. "काय न्हाई गा आत," ते म्हणाले, आणि हात टॉवेलला पुसला. मी हे बघितलं नाही, मी कॉलेजात होते. आईनं रात्री भाकरी वाढता वाढता सांगितलं. अडकलेलं कांडं सापडलं नाही याचं तिला वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगी ओरडायला लागली. म्हशीचं हंबरणं मला पाठ होतं. हा आवाज तिचा नव्हता. घोगरा, तुटका, थांबतच नव्हता. तिनं दावणीच्या खांबाला टकरा मारल्या. मेंबर गल्लीच्या टोकाला जाऊन बसला आणि आत यायला तयार होईना. त्याही दिवशी गंगी कट्ट्यावर गेली नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या स्कूटरवरून आल्या, हातमोजे घातले, पण गंगीच्या जवळ गेल्या नाहीत. लांबूनच बघत राहिल्या. मग आप्पांकडं वळल्या.

"मागं कधी हिला कुत्रं चावलं होतं?"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"चावलं हुतं की," आई म्हणाली. "दिवाळीच्या मागंफुडं. उसातनं आलतं. नाकाडाला धरलंतं."

"ते वरखडलंतं निस्तं."

"रगत आलतं. तुम्हीच हळद आनि तंबाखू भरलासा की."

"तुला कोन इचारतंय?"

"बाई इचारत्यात न्हवं का," आई म्हणाली.

मॅडमनी विचारलं, तोंडात हात कुणी घातला होता का? आप्पांनी बाही खाली ओढली. मॅडमनी आप्पांच्या हातांकडं बघितलं. मग त्यांनी एकदम आवाज चढवला, साबण कुठं आहे म्हणाल्या, आणि आप्पांना हौदाच्या नळाखाली हात धरायला लावलं. स्वतः घड्याळ बघत उभ्या राहिल्या. "उशीर झालाय, पण धुवा." आईलाही हात धुवायला लावले. वेसण धरताना लाळ तिच्या हातांवरून ओघळली होती, आणि राखेनं भांडी घासून तिच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. आईवडिलांना असं शेजारी शेजारी उभं राहून हात धुताना मी पहिल्यांदाच बघत होते. शाळेतल्या पोरांसारखे दिसत होते.

"हे लक्षण पिसाळल्याचं आहे," मॅडम म्हणाल्या. "ही वाचायची नाही. मेल्यावर मला कळवा, नमुना तपासायला पाठवू. खोल खड्डा, वर चुना, कातडं काढायचं नाही. रेडकाला मी लस देते. आणि तुम्ही दोघं आजच सरकारी दवाखान्यात जायचं. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही. हा रोग एकदा अंगात उठला की पुढं औषध नाही. सुई आधी घेतली तरच उपयोग."

"पोटात देत्यात त्या?" आईनं विचारलं.

"ते बंद होऊन जमाना झाला. दंडात."

आप्पा म्हणाले, "बघू."

गंगी दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेली. तिला पुरायला गल्लीतली चार माणसं आली. कशानं गेली, कुणीतरी विचारलं. आप्पा म्हणाले, "पोट फुगलं." मी तिथंच उभी होते. मॅडमही उभ्या होत्या, पण त्यांना बावड्यातलं फुगणं ठाऊक नसावं किंवा त्यांनी ऐकलं नसावं. त्या दिवशी घरात कोरा चहा झाला. जन्मल्यापासून मी कोरा चहा प्यायले नव्हते. आम्ही तिघांनी तो प्यायला आणि प्रत्येकाला तो वेगवेगळ्या कारणानं कडू लागला.

आईनं आदल्या दिवशीच सुई घेतली होती. मॅडम गेल्यावर तिनं आप्पांना विचारलं, येतासा? आप्पा म्हणाले, तू हो फुडं. मग ती लुगडं बदलून माझ्याबरोबर बसमध्ये बसली, रांगेत उभी राहिली, दंड पुढं केला, आणि घरी येऊन भाकरीला बसली. आयुष्यात आप्पांच्या आधी तिनं केलेली ही बहुतेक पहिली गोष्ट. "मुंगी चावल्यावानी हुतंय," ती आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं तव्याला म्हणाली. आप्पा गेले नाहीत. गंगीला पुरून आल्यावरही गेले नाहीत. रिपोर्ट येऊ दे, म्हणाले. मी त्यांच्यासमोर बसले. मी वाक्य मनात दोनदा जुळवलं होतं आणि तरीही ते तुटकच आलं. मी म्हणाले, आप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय, रिपोर्टची वाट बघायची नाही. भीती वाटते का?

"कशाचं भ्या?" ते म्हणाले. "सुईची?" बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. "हे बघ. मी दंड फुडं केला म्हंजे गंगी पिसाळलीती असं मीच म्हटलं. आजारी पडल्यादिवशी सांजच्याला तिचं दूध कट्ट्यावर गेलंय. पोरांनी कच्चं प्यालंय. वस्तादांनी प्यालंय. त्यांनी मला इचारलं, काय पाजलंस रं आमाला, तर काय सांगू? मी मेलो तर एकला मरीन. हे भाईर पडलं तर तुझ्या आईला आनि तुला कोन दारात हुबं करंल?"

"पण त्यांनाही सुई घ्यायला लागेल, आप्पा. म्हणजे त्यांना सांगायलाच…"

"दुधातनं हुतंय व्हय?"

"आईला सुई दिली ते डॉक्टर म्हणाले, दुधातून झाल्याचं त्यांनी तरी बघितलेलं नाही. तापवलेल्याला तर काहीच भीती नाही. कच्चं प्यालेल्यांनी येऊन दाखवावं म्हणाले."

"मग झालं तर," आप्पा म्हणाले आणि उठले. त्यांच्या हातावर उसाच्या चिरा अजून तशाच होत्या, लाल, बारीक, रेघा ओढल्यासारख्या. मला त्या रेघांवरून नजर काढता येईना. रात्री ते तांब्यानं पाणी प्यायला उठले तेव्हा मी अंथरुणात डोळे मिटून ते घोट गिळल्याचा आवाज ऐकत होते. नीट गिळतायत का. त्यांना काही होणार असलं तरी ते इतक्या लवकर होत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी ऐकलंच असतं.

सकाळी कॉलेजला म्हणून निघाले आणि तालमीपाशी उतरले. कोल्हापुरातल्या मुलीला वेगळं सांगावं लागत नाही की तालमीत बाईमाणूस जात नाही. मी उंबऱ्याच्या बाहेर, रस्त्यावर उभी राहिले. आत अंधार होता, मातीचा आणि तेलाचा वास येत होता, आणि कुणीतरी कुणाला तरी आपटल्याचा धप्प असा आवाज. मी "वस्ताद" म्हणाले. ते मलाच ऐकू आलं नाही. परत म्हणाले. एक लंगोटातला मुलगा दारापर्यंत आला, मला बघून दचकला आणि आत पळाला. आतून आवाज आला, "कोन हाय?" "पोरगी हाय, वस्ताद." "कुनाची?" "काय म्हाइत, पुस्तकं हायती हातात." वस्ताद बाहेर आले. मी कुणाची ते सांगितलं. मग सगळं सांगितलं. गंगी, कुत्रं, तोंडात घातलेला हात, आई, सुई, आप्पा. मी रडले नाही, पण वाक्यं भलत्याच क्रमानं आली आणि वस्तादांना दोनदा विचारावं लागलं, की चावलं कुणाला कोण.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "आनि दूध?"

"दूध… तुम्ही प्यालाय."

"ते म्हाइत हाय मला. दोन गलास प्यालोय." त्यांनी मोडलेल्या कानावरून हात फिरवला. "सुई केवढी असती?"

मी बोटानं दाखवली. ते माझ्या बोटाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग आत वळून म्हणाले, "ए! गडी थांबवा. कापडं घाला समद्यांनी."

अर्ध्या तासात आमच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून पैलवान उतरायला लागले. गल्ली गोळा झाली. इतके पैलवान एका वेळी कुणाच्या दारात उतरले की गल्लीचा एकच समज होतो, आणि शेजारच्या काकूंनी पोरांना आत घेऊन कडी लावली. आप्पा बाहेर आले. वस्तादांना बघितलं आणि तिथंच खाली, उंबऱ्याजवळ, उकिडवे बसले. म्हैस नव्हती, चरवी नव्हती. नुसतेच बसले.

"वस्ताद," ते म्हणाले, "चुकी झाली."

"पानी घातलंस?"

आप्पांनी मान वर केली. "न्हाई ओ!"

"आजारी हाय म्हाइत असून पाजलंस?"

"न्हाई. देवाशपथ न्हाई. निस्तं कमी दिलंतं तिनं."

"मग कसली चुकी? ऊठ." आप्पा उठेनात. वस्तादांनी आवाज खाली घेतला, म्हणजे गल्लीच्या टोकाला मेंबर बसला होता त्यानंच फक्त ऐकला नसेल. "आरं, तू न्हाई आलास तर ह्यातला एक गडी सुई घ्यायला तयार न्हाई. म्हंत्यात, ज्यानं पाजलं त्यो घेत न्हाई तर आमाला काय झालंय? तू फुडं हो. मी मागनं हायच."

यातलं किती खरं होतं मला सांगता येत नाही. टेम्पोतल्या पैलवानांकडं बघून तरी कुणी काही म्हटलं असेल असं वाटत नव्हतं. ते सगळे चपलांकडं बघत होते. पण वस्तादानं ऊठ म्हटल्यावर बसून राहायचं आप्पांना शिकवलेलंच नव्हतं. आईनं आतून त्यांचा धुतलेला सदरा आणून हातात दिला. तो तिनं आधीच काढून ठेवला होता.

दवाखान्यात आप्पा पहिले. त्यांना दंडात सुई दिली आणि हातावरच्या चिरांमध्ये वेगळं औषध टोचलं, ते दुखतं. आप्पा भिंतीवरच्या पाटीकडं बघत राहिले. डॉक्टरांनी बाकीच्यांना एकेक करून विचारलं, तोंड आलं होतं का, हिरड्यांतून रक्त, ओठ फुटलेले? पैलवानांचे ओठ फुटलेलेच असतात. मग सगळ्यांनाच दिली. ज्या गड्याला सहा महिने कुणी पाठीवर पाडू शकलं नव्हतं तो सुई बघूनच खाली आला, आणि त्याला उचलायला चौघं लागले. वस्तादांनी डोळे मिटून दंड पुढं केला आणि नर्सबाईंना म्हणाले, "झालं की सांगा, पोरी." ती म्हणाली, "झालं आजोबा, केव्हाच." वस्तादांनी डोळे उघडले आणि इकडं तिकडं बघितलं, कुणी ऐकलं का ते. सगळ्यांनी ऐकलं होतं.

आप्पांच्या सगळ्या सुया ठरल्या दिवशी झाल्या. एकही चुकवली नाही. रिपोर्ट मधेच कधीतरी आला. मॅडमनी फोनवर सांगितलं, गंगीला रेबीजच होता. आप्पा जेवत होते. मी सांगितलं. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं." मला वाटलं, आता सगळं संपलं. पण जेवण झाल्यावर ते चपला घालून निघाले. धारेची वेळ होती. ते मोकळ्या हातांनी कट्ट्यावर गेले, त्यांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "त्या सांजच्याला कच्चं प्यालासा का? मग दवाखान्यात जाऊन या. म्हस पिसाळलीती माझी." दोन्ही वेळ जायचे. ज्या वाक्याला ते मरणापेक्षा जास्त घाबरले होते ते वाक्य ते आता दूध विकायच्या आवाजात सांगत होते. काही गिऱ्हाइकं शिव्या देऊन गेली. एकानं किटली रस्त्यावर आपटली. बहुतेकांनी नुसतं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी दंड चोळत परत आले, दाखवायला.

एकच माणूस राहिला. आप्पांना तो आठवला तो अगदी शेवटी. त्या संध्याकाळी एक अनोळखी माणूस आला होता, खांद्याला पिशवी, नवीन चप्पल करकरत होती. कुठं तरी जायच्या वाटेवर होता, कट्टा बघून थांबला. आप्पांनी त्याला "या पावणं" म्हणून पहिला गलास दिला होता. शेवटचं दूध पाहुण्याला जाऊ नये म्हणून पहिला. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. त्याला शोधायचं कसं? आप्पा एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहिले. चपलांच्या दुकानांत विचारलं, नवीन चप्पल घेतलेला माणूस आठवतो का. कोल्हापुरात हा प्रश्न विचारल्यावर दुकानदार काय म्हणणार? गंगीच्या जागी दुसरी म्हैस आली, कट्टा परत सुरू झाला, पैलवान परत आले. कच्चं मागणारेही आले, पण आप्पा आता गलासात धार काढेनात. घरी नेऊन तापवा म्हणायचे. यावरून वस्ताद त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पण धार काढताना आप्पांची नजर रस्त्यावर असायची. जेवता जेवता थांबायचे आणि म्हणायचे, "त्या गड्याला पोरं असतील." आई म्हणायची, "असतील. जेवा." स्वतःच्या जिवावर बेतलं तेव्हा जो माणूस बघू म्हणाला होता तो एका पिशवीवाल्यासाठी वाळत चालला होता.

तो माणूस उन्हाळ्यात आला. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी आप्पांबरोबर कट्ट्यावर होते. पिशवी तीच होती, चप्पल आता करकरत नव्हती. तो नुसता रस्त्यानं चालला होता. आप्पा धार अर्धी टाकून उठले. म्हैस दचकली, चरवी मी धरली.

"पावणं! ओ पावणं! थांबा जरा!"

तो घाबरून थांबला. आप्पांनी त्याचा दंडच धरला. बरं हाय न्हवं? ताप? गिळताना काय हुतंय? पान्याचं भ्या वाटतंय? तो माणूस माझ्याकडं बघायला लागला, हे कोण आणि काय विचारतायत. मी शक्य तितकं सरळ सांगितलं, आमची म्हैस पिसाळली होती आणि त्या दिवशी पहिला गलास तुम्ही प्यायला होतात. त्याचा चेहरा उतरला. मग तो लाजला. चांगलाच लाजला.

"खरं सांगू का, मामा," तो म्हणाला, "राग मानू नका. मी प्यालो न्हाई. मला कच्चं दूध चालतच न्हाई, मळमळतंय. तुम्ही एवढ्या मायेनं दिलंसा, न्हाई म्हनवंना. म्हनून त्या कोपऱ्याला जाऊन गटारात वतलं आनि गलास ठेवून गेलो."

आप्पांच्या दुधाबद्दल असं कुणी बोललेलं त्या कट्ट्यानं ऐकलं नव्हतं. वस्तादांनीही मान वळवली.

"समदं वतलंसा?" आप्पांनी विचारलं.

"समदं."

"व्हटाला लावलं नव्हतंसा?"

"न्हाई ओ."

"थेंबबी न्हाई?"

"थेंबबी न्हाई, मामा. चुकलं माझं."

आप्पांनी त्याचा दंड सोडला. दुधाचा थेंब जमिनीवर सांडला तर जे आम्हाला बोटानं टिपायला लावायचे, त्यांनी त्या माणसाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"लई चांगलं केलंसा," ते म्हणाले.